पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक : एका रूपकाची तपासणी

शाळेत रक्ताचा पाठ शिकवताना बहुतेक शिक्षक एक वाक्य हमखास वापरतात : पांढऱ्या पेशी या शरीराच्या सैनिक होत. पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतींत आणि आरोग्यावरील लोकप्रिय पुस्तकांतही हेच चित्र दिसते. जंतू हा शत्रू, त्वचा ही तटबंदी, पांढऱ्या पेशी हे सैन्य आणि लस म्हणजे या सैन्याची कवायत. मुलांना हे चित्र चटकन समजते आणि वर्षानुवर्षे लक्षात राहते. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

पण जे रूपक सहज लक्षात राहते, त्याचीच तपासणी अधिक काटेकोरपणे व्हायला हवी, कारण त्यातली उणीवही तितकीच लक्षात राहते. सैन्याचे हे चित्र पूर्ण चुकीचे आहे असे म्हणण्याचा या लेखाचा हेतू नाही. मात्र त्यात रोगप्रतिकार यंत्रणेचे एक मोठे अंग गाळलेले आहे, आणि ते गाळल्याचे परिणाम केवळ परीक्षेतल्या उत्तरापुरते राहत नाहीत. पहिल्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे टाइप-१ मधुमेह असलेले मूल वर्गात असेल, तर ते परिणाम त्या मुलापर्यंत पोचतात.

रूपकाची पुण्याई

आधी रूपकाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणू. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. परक्या वस्तूला घेरणाऱ्या आणि गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात ही कल्पना तेथून रुजली. जखमेत पू का होतो, ताप आला असता रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या का वाढते, गोवराची लस एकदा घेतली की शरीर तो विषाणू का ओळखते, या प्रश्नांची उत्तरे सैन्याच्या चित्रातून बऱ्यापैकी देता येतात.

अडचण सुरू होते ती जरा पुढचा प्रश्न विचारला म्हणजे. या सैन्याला शत्रू ओळखता येतो हे ठीक; पण ते आपल्याच यकृतावर, हृदयावर, स्वादुपिंडावर का चालून जात नाही? जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांना हा प्रश्न १९०० च्या सुमारासच पडला होता. स्वतःच्या पेशींविरुद्ध विषारी मारा करणे शरीराला मानवणारच नाही, अशी काहीतरी सोय त्याच्यात असली पाहिजे, असे त्यांनी मांडले. ती सोय कोणती, याचे समाधानकारक उत्तर मिळायला पुढे जवळजवळ शतक लागले. सैन्याच्या आपल्या शालेय चित्रात तर हा प्रश्नच येत नाही.

जेथे चित्र अडखळते

आता टाइप-१ मधुमेहाकडे वळू. आपल्या जठरामागे आडवे पसरलेले स्वादुपिंड मुख्यतः पाचक रस तयार करते. त्याच्या ऊतीत विखुरलेले पेशींचे लहान पुंजके पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये प्रथम वर्णन केले. त्यांना आज लँगरहॅन्सची द्वीपके म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात, पण त्या सगळ्यांचे मिळून वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरते. द्वीपकांतल्या बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातील ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत शिरायला इन्शुलिन लागते.

टाइप-१ मधुमेहात या बीटा पेशी हळूहळू नष्ट होतात. त्या जंतूंनी खाल्लेल्या नसतात. त्यांना मारणाऱ्या पेशी आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या, प्रामुख्याने टी-पेशी असतात. रक्तात बीटा पेशींतील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडेही सापडतात. ती बहुधा लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक महिने, कधी काही वर्षे आधीपासून असतात. म्हणजे मूल हसत-खेळत शाळेत येत असते, तेव्हाच आत हा नाश चालू झालेला असतो. खूप तहान, वारंवार लघवी, झपाट्याने घटणारे वजन अशी लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बीटा पेशींचा मोठा हिस्सा निकामी झालेला असतो. बाहेरून इन्शुलिन दिल्यावाचून असे मूल जगू शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी हे निदान म्हणजे काही महिन्यांत, फार तर थोड्या वर्षांत येणारा मृत्यूच होता.

या रोगाला ‘बालमधुमेह’ असेही म्हणतात. पण तो प्रौढांनाही होतो. प्रौढांत सर्रास आढळणारा टाइप-२ मधुमेह वेगळा. त्यात इन्शुलिन तयार होत असते, पण त्याचा परिणाम कमी पडतो. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे, गोड खाल्ल्याने मुलाला मधुमेह झाला, असा समज टाइप-१ च्या वाट्यालाही येतो. वास्तविक टाइप-१ मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही.

ओळख बरोबर, आवर नाही

सैन्याचे रूपक वापरणारा लेखक येथे सहसा एक ठिगळ लावतो. ‘कधीकधी सैनिक चुकून आपल्याच लोकांवर गोळीबार करतात’ असे लिहून तो मोकळा होतो. माझा मुख्य आक्षेप या ‘चुकून’वर आहे.

टी-पेशी चुकत नाहीत. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राही असतो आणि तो एखाद्या विशिष्ट प्रथिनाच्या तुकड्यालाच नीट बसतो. बीटा पेशी मारणाऱ्या टी-पेशींपैकी काहींचे ग्राही इन्शुलिनच्याच तुकड्याला बसतात. त्या पेशी इन्शुलिनला जंतू समजल्या असे म्हणणे बरोबर नाही. ज्या तुकड्यासाठी त्यांचा ग्राही घडला आहे, तोच तुकडा त्यांनी अचूक ओळखलेला असतो.

मग अशा पेशी शरीरात राहिल्याच कशा? टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत पक्व होतात. तेथे त्यांची परीक्षा होते. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. त्यासाठी थायमसमध्ये इन्शुलिनसारखी दुसऱ्या अवयवांची प्रथिनेही थोडी थोडी तयार केली जातात, ही मोठी चतुर योजना आहे. तरी ही चाळणी पूर्ण नसते. काही पेशी निसटतात. निरोगी माणसाच्या रक्तातही बीटा पेशींना ओळखू शकणाऱ्या टी-पेशी सापडतात. म्हणजे तुमच्या-माझ्या शरीरात त्या असण्याचा संभव आहे, आणि तरी तुम्हा-आम्हाला टाइप-१ मधुमेह झालेला नाही.

हे का, याचे उत्तर सैनिकांच्या चित्रात मिळत नाही. निसटलेल्या पेशींना सतत आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी शरीरात असतात, हे ते उत्तर. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. मदतनीस गटातल्या दर शंभर टी-पेशींमध्ये त्या सुमारे पाच ते दहा असतात. त्याही पांढऱ्या पेशीच आहेत. लढणे हे मात्र त्यांचे काम नव्हे.

उंदरांनी दिलेला पुरावा

या पेशींचा शोध कसा लागला हे वर्गात सांगण्याजोगे आहे, कारण त्यात अपेक्षेच्या उलट निघालेला एक प्रयोग आहे. १९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांनी उंदरांच्या नवजात पिल्लांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली. थायमस म्हणजे टी-पेशींची शाळा. शाळाच बंद केली तर प्रतिकार दुबळा होईल, अशी कोणीही अपेक्षा करील. झाले वेगळेच. माद्यांची अंडाशये नष्ट झाली. पुढे कळले की त्यांच्यावर स्वतःच्याच प्रतिकार यंत्रणेने हल्ला केला होता. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली तर असे होत नसे. याचा अर्थ असा, की पहिल्या काही दिवसांनंतर थायमसमधून असे काही बाहेर पडते जे हल्ल्याला रोखते.

शिमोन साकागुची यांनी हा धागा पकडला. अशा उंदरांना त्याच वाणाच्या निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या तर रोग टळतो, असे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. त्या काळी हा विषय बदनाम झालेला होता. ‘दमनकारी टी-पेशी’ या नावाने आधी बरेच दावे झाले होते आणि त्यांतील काही टिकले नव्हते, त्यामुळे बऱ्याच संशोधकांनी हा नाद सोडून दिला होता. साकागुची चिकाटीने त्यामागे राहिले. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची खूण प्रसिद्ध केली : पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन असलेल्या टी-पेशी. त्या काढून टाकून उरलेल्या पेशी टी-पेशीविरहित उंदरांना दिल्या, तर अनेक अवयवांवर हल्ला होत असे. त्या परत दिल्या तर टळत असे.

दुसरा पुरावा वेगळ्याच वाटेने आला. अमेरिकेत ओक रिज येथे १९४० च्या दशकात उंदरांचा एक वाण आढळला होता. त्यातील काही नरांची त्वचा खवल्यांसारखी होई, प्लीहा फुगे आणि ते काही आठवड्यांत मरत. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्याला कारणीभूत असलेले जनुक शोधले. त्याचे नाव फॉक्सपी३. त्याच सुमारास हेही स्पष्ट झाले, की माणसातील याच जनुकाच्या बिघाडाने लहान मुलग्यांना एक दुर्मीळ आणि गंभीर विकार होतो. त्यात आतडी, त्वचा यांच्यावर हल्ला होतो आणि बऱ्याच बाळांना पहिल्या काही महिन्यांतच टाइप-१ मधुमेह होतो. दोन वर्षांत हे दोन धागे जुळले : फॉक्सपी३ हेच जनुक नियामक टी-पेशी घडवते. या शोधांसाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फॉक्सपी३ चा बिघाड असलेल्या बाळाकडे सैन्याच्या रूपकातून पाहा. त्याचे सैन्य जागच्या जागी आहे. पेशी भरपूर आहेत, त्या आक्रमकही आहेत. रूपकाच्या हिशेबाने हे बाळ सर्वांत बलवान ठरायला हवे. प्रत्यक्षात उपचार न मिळाल्यास ते सहसा बालपणीच दगावते. एका रूपकाची मर्यादा दाखवायला याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आवर म्हणजे नेमके काय?

‘आवर घालतात’ एवढेच सांगून थांबलो, तर एका रूपकाच्या जागी दुसरे धूसर रूपक येईल. म्हणून यंत्रणा थोडी उघडून पाहू. टी-पेशीला कामाला लागण्यासाठी दोन संकेत लागतात. एक, तिच्या ग्राहीत बसणारा तुकडा. दोन, तो तुकडा दाखवणाऱ्या पेशीकडून मिळणारी जोड-संमती. नियामक पेशींवरील सीटीएलए-४ हे प्रथिन ही संमती देणारे रेणूच दाखवणाऱ्या पेशीवरून ओढून काढते. मग तुकडा दिसला तरी मारेकरी पेशी सुस्त राहते. शिवाय टी-पेशींची संख्या वाढायला इंटरल्यूकिन-२ हे रासायनिक खाद्य लागते. सीडी-२५ हा त्या खाद्याच्या ग्राहीचाच भाग. नियामक पेशींवर तो भरपूर असल्याने त्या हे खाद्य आधी शोषून घेतात आणि आजूबाजूच्या आक्रमक पेशींना ते कमी पडते. काही शामक रसायनेही त्या सोडतात.

नेहमीच्या टाइप-१ मधुमेहात फॉक्सपी३ जनुक बिघडलेले नसते. रक्तात नियामक पेशींची संख्याही बहुधा ठीकच असते. बऱ्याच रुग्णांत त्यांची इंटरल्यूकिन-२ ला मिळणारी प्रतिसादक्षमता कमी असते, आणि आक्रमक पेशी त्यांना सहजी जुमानत नाहीत, असे अभ्यासांतून दिसले आहे. यामागे अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे. सर्वांत मोठा वाटा प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या एचएलए या जनुकसमूहाचा. तरी जनुके म्हणजे सर्वस्व नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा रोग झाला, तरी दुसऱ्याला होतोच असे नाही.

याबाबत पुण्यात झालेले काम मुद्दाम सांगायला हवे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने मिळून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा त्यात सहभाग होता. युरोपीय लोकांच्या माहितीवरून बनवलेला टाइप-१ मधुमेहाचा ‘जनुकीय जोखीम गुणांक’ भारतीय रुग्णांना लागू पडतो का, हा प्रश्न होता. भारतीयांतही त्याने टाइप-१ आणि टाइप-२ मधला फरक बऱ्यापैकी ओळखला. मात्र एचएलए जनुकांच्या तपशिलात फरक दिसले. आपल्याकडे निदानाचा गोंधळ नेहमीचा आहे, म्हणून हे महत्त्वाचे. स्वतःवर उलटणाऱ्या प्रतिकाराचा हा रोग केवळ गोऱ्या लोकांचा नाही, तो आपलाही आहे.

‘शक्ती’ या शब्दाचा घोळ

सैन्याच्या रूपकाबरोबर मराठीत आणखी एक शब्द येतो : रोगप्रतिकारशक्ती. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, आणि जास्त केव्हाही चांगली. २०२० च्या कोविड साथीत काढे, चूर्णे, गोळ्या आणि अवलेह ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून किती खपले, हे आपण सर्वांनी पाहिले. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाच्या आईवडिलांनाही शेजारीपाजारी हाच सल्ला देतात : मुलाची शक्ती कमी पडली, ती वाढवा. वर पाहिले त्यावरून या सल्ल्यातला विपर्यास लक्षात येईल. या मुलात ‘कमी’ काही असेलच, तर ती आवर घालण्याची क्षमता.

हा सल्ला घातक का होतो, याला आणखी एक कारण आहे. इन्शुलिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत बऱ्याच मुलांची इन्शुलिनची गरज एकदम घटते. उरलेल्या बीटा पेशींना विश्रांती मिळते आणि त्या पुन्हा थोडे काम करू लागतात. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. नेमक्या याच काळात कोणी एखादे औषध दिले असेल, तर सारे श्रेय त्याला जाते. ‘इन्शुलिन अर्ध्यावर आले’ ही गोष्ट खरी असते. तिचे कारण मात्र ते औषध नसते. आत हल्ला चालूच असतो आणि काही काळाने गरज पुन्हा वाढते. या भरवशावर कोणी इन्शुलिन पूर्ण थांबवले, तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साठून मुलाच्या जिवावर बेतते. कोणताही अनुभव पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी ‘औषध दिले नसते तर काय झाले असते’ हा प्रश्न विचारावा, हा विज्ञानाच्या तासाचा धडा येथे अक्षरशः जीव वाचवणारा आहे.

प्रतिकार यंत्रणेला हात घालणारे खरे उपचार किती सावकाश पुढे जातात तेही पाहू. टेप्लिझुमॅब हे टी-पेशींवर काम करणारे प्रतिपिंड अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य झाले. ज्यांना रोगाची लक्षणे नाहीत, पण ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आणि साखरेत बिघाड आढळतो, अशा आठ वर्षांवरील व्यक्तींत ते रोग सुमारे दोन वर्षे पुढे ढकलू शकते. रोग बरा करत नाही. मुलांच्याच नियामक टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत देण्याचाही प्रयत्न झाला. ११० मुलांवरील अशा चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. उपचार सुरक्षित ठरला, पण उरलेल्या बीटा पेशींचा ऱ्हास त्याने थांबला नाही. वर्गात या अपयशाचीही माहिती द्यावी. नोबेल मिळाले म्हणजे औषध मिळाले असे नव्हे.

सैन्याऐवजी काय?

टीका करणाऱ्याने पर्याय सुचवावा, ही अपेक्षा रास्त आहे. सातारा-सांगलीच्या शिक्षकांच्या हाताशी एक चांगले उदाहरण आहे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे रोज छापून येतात, कारण त्यांवर कोयना धरणात किती पाणी येणार हे ठरते. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोमच्या धरणातून पुढे येते. वेण्णा तिला माहुलीला मिळते, कोयना कऱ्हाडला, आणि मग ती सांगलीला पोचते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले.

हेच पाणी एरवी ऊस आणि हळद पिकवते. ते नको असे सांगलीत कोणी म्हणणार नाही. प्रश्न पाणी कोठे, केव्हा आणि किती सोडायचे याचा असतो. दरवाजे अजिबात उघडले नाहीत तर धरणाला धोका आणि खाली शेत कोरडे. भलत्या वेळी उघडले तर गावे पाण्याखाली. प्रतिकार यंत्रणेचेही असेच आहे. नियमन ढिले पडले तर टाइप-१ मधुमेहासारखे विकार होतात. नको तेथे ते कडक झाले तरीही घात होतो : कर्काच्या गाठीभोवती नियामक टी-पेशी जमून गाठीवरचा हल्ला रोखतात, असे अनेक कर्करोगांत दिसते. ‘किती शक्ती’ या प्रश्नाऐवजी ‘किती, कोठे आणि किती वेळ’ हे प्रश्न या चित्रातून सुचतात.

अर्थात हेही रूपकच आहे आणि त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे. धरणावर अभियंते असतात, नियंत्रण कक्ष असतो, दूरध्वनी असतो. शरीरात नियामक पेशींना हुकूम देणारे मध्यवर्ती कार्यालय नाही. प्रत्येक पेशी आपल्या शेजारच्या रेणूंवरून जागच्या जागी वागते. शिवाय पाणी कोणाला ओळखत नाही. टी-पेशी नेमका तुकडा ओळखते आणि तिला स्मरणही असते. या दोन बाबतींत सैन्याचे चित्र काहीसे बरे आहे. म्हणून माझी सूचना अशी : दोन्ही चित्रे फळ्यावर शेजारी शेजारी काढावीत आणि प्रत्येक चित्र कोठे तुटते ते विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावे. नववी-दहावीची मुले हे उत्तम करतात. रूपक पाठ करण्यापेक्षा ते तपासण्यात विज्ञान अधिक आहे.

सहलीच्या आधी

शेवटी व्यवहाराची गोष्ट. महाबळेश्वर-प्रतापगडला दरवर्षी शेकडो शाळांच्या सहली जातात. समजा, अशा सहलीत इन्शुलिन घेणारा एक विद्यार्थी आहे. सकाळी इंजेक्शन घेऊन त्याने गडाच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली आणि नाश्ता उशिरा मिळाला. चढणीत स्नायूंनी ग्लुकोज वापरले, टोचलेले इन्शुलिन मात्र आपले काम करतच राहिले. मुलाला घाम सुटतो, हात थरथरतात, ते चिडचिड करते किंवा असंबद्ध बोलू लागते. ही रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला ताबडतोब तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यायची आणि मग काही खायला घालायचे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता तडक दवाखाना गाठायचा.

‘मधुमेह म्हणजे साखर वर्ज्य’ एवढेच ठाऊक असलेला शिक्षक येथे मुलाच्या हातातली चिक्की काढून घेईल. त्याचा हेतू चांगला असेल, पण मुलाचा जीव धोक्यात येईल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेण्याची परवानगी दिली, ती याच कारणासाठी. प्रत्येक शाळेने आपल्या घटक चाचण्यांतही तीच सवलत द्यावी. मंडळाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

महाबळेश्वरच्या बाजारात मधाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात, आणि या रोगाच्या नावातही मध आहे. लघवीतून साखर जाते, म्हणून जुन्या वैद्यांनी ते नाव दिले. ते एका लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाने काही चुकीचे खाल्लेले नसते आणि त्याची शक्तीही कमी पडलेली नसते. त्याच्या शरीरातले एक नाजूक नियमन ढळलेले असते, आणि ते पुन्हा कसे बसवायचे हे विज्ञान अजून शिकते आहे. हे वाक्य रक्ताच्या पाठात ‘पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक’ या वाक्याच्या पुढे जोडायला दोन मिनिटेही लागणार नाहीत.